चांदोबाची सकाळपाळी

माझ्या चार वर्षांच्या नातीला आठही ग्रह पाठ आहेत. पाहुणे आले की तिला सोफ्यावर उभं केलं जातं, बुधापासून नेपच्यूनपर्यंत ती एका दमात म्हणून दाखवते आणि टाळ्या पडल्या की खाली उतरते. गेल्या महिन्यात शाळेच्या रिक्षाची वाट बघत आम्ही फाटकाशी उभे होतो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर फिकट, एका बाजूने झिजलेला चंद्र होता. तो दिसताच बाईसाहेब वैतागल्या. ‘‘हा आत्ता काय करतोय? याची तर रात्रपाळी असते ना?’’ बाबा कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, त्यामुळे शब्द घरचाच.

पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस गेले की पुढचे चार-पाच दिवस सकाळी आठच्या सुमाराला चंद्र पश्चिमेकडे असतोच. रिक्षाची, बसची वाट बघणाऱ्या प्रत्येक पोराला तो दिसू शकतो. पण पुस्तकातला चंद्र कायम काळ्या कागदावर, शेजारी पाच टोकांच्या चांदण्या, कधी डोक्यावर झोपायची टोपी. नेपच्यूनचं नाव घेता येणाऱ्या पोरीने दिवसाचा चंद्र कधी पाहिलेलाच नव्हता. दोष तिचा नाही. तिला नावं दिली, आकाश द्यायचं राहून गेलं.

बालवाड्यांमधून हल्ली ‘अंतराळ सप्ताह’ असतात. छताला थर्माकोलचे ग्रह टांगतात, मुलांना चंदेरी कागदाचे पोशाख चढवतात, फोटो निघतात. मजा येते, नाही कशाला म्हणा. पण या वयाचं खरं साहित्य याहून स्वस्त आहे: बडबडगीतं, स्वतःचं शरीर आणि वर बघायची मोकळीक.

बडबडगीत म्हणजे नुसता वेळ घालवणं नव्हे. पीटर ब्रायंट आणि लिनेट ब्रॅडली या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह ६४ मुलांचा तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत माग घेतला. तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं जास्त येत होती, त्यांना पुढे शब्दांतले आवाज सुटे करून ऐकणं आणि वाचणं सोपं गेलं. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. कारण समजायला अवघड नाही. ‘थांब’ आणि ‘लांब’ एका सुरात आले की सुरुवातीचा आवाज तेवढा बदलला, हे अक्षर ओळखण्याआधीच कानाला कळतं.

म्हणून मी एक जुळवलं:

यान निघालं भुर्र भुर्र,
धूर सोडला धुर्र धुर्र,
ढग म्हणाले, जरा थांब,
चंद्र आहे फार लांब!

काव्य म्हणून त्यात काही नाही, मला ठाऊक आहे. पण त्याच्या आधी उलटगणती लावली की रंग भरतो. मुलं उकिडवी बसतात, दहा म्हणताना हात जमिनीला टेकलेले, मग एकेका आकड्यागणिक आवाज चढत जातो आणि शून्याला बेडकासारखी उडी. सरळ मोजताना पोरं आकडे गाण्यासारखे घोकतात. उलटं मोजताना प्रत्येक आकड्यापाशी विचार करावा लागतो. गंमत म्हणजे, यान सोडताना आकडे उलटे मोजायची ही रीत जगाने आधी सिनेमाच्या पडद्यावर पाहिली. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने १९२९ सालच्या चंद्रप्रवासाच्या जर्मन चित्रपटात ती वापरली. चित्रपट मूक, त्यामुळे आकडे पाटीवर लिहून दाखवले होते. प्रेक्षकांचा श्वास रोखून धरायची युक्ती होती ती. आपली पोरंही शून्याला नेमका तोच रोखून धरतात.

‘फार लांब’ म्हणजे किती? एक टेनिसचा चेंडू घ्या, ती पृथ्वी. मोठीशी गोटी म्हणजे चंद्र. आता मुलांना सांगा, चंद्र त्याच्या जागेवर ठेवा. सगळी जण वीतभर अंतरावर ठेवतात, मोठी माणसंही. खरं अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीसारखे तीस गोळे ओळीने. आपल्या चेंडूच्या मापात दोन मीटर, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि सूर्य? तो पाऊण किलोमीटरहून थोडा पुढे, दुमजली घराएवढा. आकडा मुलांच्या लक्षात राहणार नाही, पण गोटी हातात घेऊन चाललेली पावलं राहतील.

हा लांबपणाच एक जुनं कोडं सोडवतो. एसटीच्या खिडकीतून रात्री प्रत्येक मूल विचारतं, चांदोबा आपल्या मागे का येतो? जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांशी बोलला, तेव्हा तिथल्या मुलांनाही चंद्र आपल्यामागून येतो असंच वाटत होतं. या गप्पांवरचं त्याचं पुस्तक १९२६ सालचं. जवळची झाडं भराभर मागे पळतात, चंद्र इतका दूर की आपण गाव ओलांडलं तरी त्याची दिशा बदललेली जाणवत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही. दोघांना मैदानात पाठीला पाठ लावून उलट दिशांना चालवा आणि ‘चंद्र कुणाबरोबर गेला’ म्हणून विचारा. भांडण होईल. होऊ द्या, त्या भांडणातच शिकणं आहे.

स्वयंपाकघरातलाही एक खेळ. परातीत कोरड्या कणकेचा जाड थर, त्यावर हळदीची भुरभुर, आणि उंचावरून एकेक गोटी सोडायची. खड्डा पडतो, कडा उचलली जाते, पिवळ्यावर पांढरे फराटे उडतात. चंद्रावरचे खड्डे असेच, आदळण्याने झाले. तिथे वारा नाही, पाऊस नाही, त्यामुळे ते बुजले नाहीत. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, तेव्हा असे खड्डे टाळत सपाट जागा शोधूनच उतरलं. त्याच्या विक्रम लँडरच्या पोटातून बाहेर आलेली प्रज्ञान गाडी अवघी २६ किलोंची. नातीला सांगितलं तर म्हणाली, ‘‘म्हणजे दादाएवढी.’’ नंतर त्या पिठाची थालीपीठं झाली. हळद घालायचं काम वाचलं.

‘ट्विंकल ट्विंकल’ हे ताऱ्याचं इंग्रजी गाणं मात्र मला खटकतं. गाणं वाईट म्हणून नव्हे. जेन टेलरची ती कविता १८०६ ची, चाल त्याहून जुनी फ्रेंच, उत्तमच आहे. पण आपली मुलं ते अर्थाशिवाय नुसते ओठ हलवत म्हणतात. ते म्हणून झालं की बादलीच्या तळाशी एक रुपया टाका आणि पाणी हलवा. रुपया थरथरतो. तारा स्थिर असतो, हलते ती मधली हवा. शुक्र, गुरू फारसे लुकलुकत नाहीत, कारण ते जवळ असल्याने आपल्याला निव्वळ ठिपक्याहून मोठे दिसतात.

स्वस्त साहित्याची ही वाट आपल्याकडे जुनीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. साहित्य शंखशिंपले, पानं, बिया, खडे. पुढे १९७५ च्या सरकारी योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. अंगण म्हटलं की डोक्यावर आभाळ आलंच. शहरातल्या तळघरातल्या बालवाडीला ते मिळत नाही, म्हणून तर छताला थर्माकोल. निदान सावली तरी बाहेर मोजता येते: सकाळी एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने सावली गिरवायची, दुपारी पुन्हा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, ही अट पक्की.

आणि संध्याकाळी बाहेर पडायला आपल्याकडे आयतं निमित्त आहे. संकष्टीला अख्खं घर चंद्राची वाट बघतं. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमाराला उगवणारा चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीला नऊ-दहा वाजतात. दिनदर्शिकेत गावोगावच्या वेळा असतात. नागपूर पूर्वेला, त्यामुळे तिथे तो मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी. नागपूरच्या आजीला फोन लावून ‘तुझ्याकडे आला का?’ हे विचारायला पोराला लावा. येत्या संकष्टीला दहा मिनिटं आधी गच्चीवर जा, आणि चंद्र आधी तुम्हाला दिसला तरी गप्प बसा.