भाषांचा स्वतंत्र अभ्यास आणि मार्गदर्शक

एम्. ए. नंतरचा भाषाभ्यास म्हणजे आणखी कांहीं वर्षें व्याख्यानें ऐकून आणखी एक परीक्षा देणें, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत आढळते. वस्तुतः या पायरीवर वर्ग जवळजवळ संपतो. विषय विद्यार्थ्यानें निवडावयाचा, साधनें त्यानेंच धुंडाळावयाचीं, अनुमानें त्यानेंच बांधावयाचीं. आणि एका जाणत्या मार्गदर्शकानें तीं वरचेवर पारखून पाहावयाचीं, अशी ही पद्धति आहे. मुलगा दिवसच्या दिवस ग्रंथालयांत काढतो हें पाहून वडीलमाणसांस चिंता वाटते. पण त्याचें शिक्षण तेथेंच चाललेलें असतें.

या पद्धतीचा पाया एकोणिसाव्या शतकांत जर्मन विद्यापीठांत घातला गेला. इंग्लंडनें ती उशिरां उचलली. ऑक्सफर्डनें डॉक्टरची अशी पदवी १९१७ सालीं मान्य केली.

सुनीतिकुमार चतर्जी हे कलकत्ता विश्वविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापक होते. १९१९ सालीं ते लंडनला गेले, ते मात्र बंगाली भाषेचा अभ्यास करण्यासाठीं! बंगाल्यानें बंगालीसाठीं लंडन गांठावें, याचें कोणासही नवल वाटेल. तेथें बार्नेट हे त्यांचे मार्गदर्शक होते; ध्वनिशास्त्र त्यांनीं डॅनियल जोन्स यांजपाशीं अभ्यासिलें; पुढें पॅरिसला ते झ्यूल ब्लॉक व मेये यांजकडे शिकले. यांपैकीं एकाचीही मातृभाषा बंगाली नव्हती. भाषेची सामग्री शिष्यापाशीं होती. गुरूंपाशीं ती पारखण्याची कसोटी होती. १९२१ सालीं त्यांस लंडनची डी. लिट्. पदवी मिळाली, परंतु त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ बाहेर पडला १९२६ सालीं. मधलीं पांच वर्षें पदवीसाठीं नव्हतीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

मराठी वाचकांस ब्लॉक यांचें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. मराठीच्या घडणीवरील त्यांचा प्रबंध १९२० सालीं पॅरिसला ग्रंथरूपानें निघाला व वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं तो मराठींत आणला.

आतां मार्गदर्शक करतो तरी काय? समजा, विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, त्यापासून मराठी ‘हात’. शाळेंत एवढ्यावर पूर्ण गुण मिळतील. मार्गदर्शक विचारतो, ‘थ’मधला ‘ह’कार कोठें गेला? हिंदींत तर ‘हाथ’ आहे. विद्यार्थी पुन्हा शोधूं लागतो आणि त्यास ‘भूक’ व ‘भूख’, ‘शिकणें’ व ‘सीखना’ या जोड्या सांपडतात. मराठी शब्दाच्या शेवटीं वा मध्यें महाप्राण गाळते, असा नियम तो आनंदानें मांडतो. त्यावर दुसरा प्रश्न येतो : मग ‘आठ’ आणि ‘दूध’ यांत तो कां टिकला? येथें विद्यार्थ्याचा आनंद मावळतो, पण अभ्यास खरा सुरू होतो. उत्तर सांगून टाकण्याचा मोह मार्गदर्शकानें आवरावा लागतो, आणि हेंच त्याच्या कामांतील सर्वांत कठीण अंग आहे. जो आवरीत नाहीं त्याच्या हाताखालीं लेखनिक तयार होतात. जो प्रश्नच विचारीत नाहीं, त्याच्या हाताखालीं कांहींच तयार होत नाहीं.

विषयनिवडींतही त्याची गरज लागते. ‘जर्मन साहित्य व समाज’ असला आभाळाएवढा विषय घेऊन येणारे उमेदवार थोडे नसतात. एका लेखकाच्या एका कालखंडापर्यंत त्यास खालीं आणणें, आणि मूळ भाषेंत वाचतां येत नसेल तर आधीं भाषा शीक म्हणून परत धाडणें, हें कर्तव्य अप्रिय खरें, पण टाळण्यासारखें नव्हे. केवळ इंग्रजी भाषांतरांवर विसंबून परक्या संस्कृतीविषयीं लिहिलेला प्रबंध म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यांतून केलेली नक्षत्रपरीक्षा होय.

हिंदुस्थानांत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांनीं एम्. फिल्. बंद केली. त्याच नियमांप्रमाणें पीएच्. डी.ला किमान तीन वर्षें लागतात, आणि एका प्राध्यापकास एका वेळीं आठांहून अधिक विद्यार्थी घेतां येत नाहींत. सहयोगी प्राध्यापकास सहा, सहायक प्राध्यापकास चार. ‘हात’ आणि ‘दूध’ यांवरील प्रश्न आठ जणांस आठ निराळ्या विषयांत विचारावयाचे, तर आठ हीही संख्या लहान नव्हे. म्हणून प्रवेश घेतांना मार्गदर्शकाच्या नांवाबरोबरच तो विद्यार्थ्यास महिन्यांतून किती वेळां भेटतो, याची चौकशी घरच्यांनीं अवश्य करावी.