उसन्या नावाची पेढी

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे जे दुकान घातले, आणि ज्यासाठी ते मुंबईच्या तंत्रशाळेतील नोकरी सांभाळून माल धाडीत व बंधू रामुअण्णा तो विकीत, ते परक्याच्या मालावर चालत असले तरी नाव किर्लोस्करांचेच होते. आज खडेबाजारात किंवा निपाणीत महामार्गालगत फ्रँचायझी घेणारा गृहस्थ नावच उसने घेतो: प्रारंभी एकरकमी शुल्क, मग दरमहा रॉयल्टी, शिवाय सजावटीपासून चटणीपर्यंत सारे मूळ कंपनीच्या फर्मानाबरहुकूम.

रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, विक्रीवर आकारतात, ही मेख पुष्कळांच्या ध्यानी उशिरा येते. महिन्याची विक्री ४ लाख आणि दर ५ टक्के धरला तर २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. आणि ग्राहकाकडून ५ टक्के कर घेणाऱ्या साध्या उपाहारगृहाला रॉयल्टीवरील त्या १८ टक्के कराची वजावटही मिळत नाही. भाडे, पगार, वीजबिल निराळेच.

या व्यवहारास आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा व १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्य भिस्त. म्हणून मुदत, नूतनीकरण आणि त्याच पेठेत दुसरे दुकान न देण्याची हमी दस्तात हवीच. पाटीचे रंग कंपनी ठरविते, पण तिच्यावर ६० टक्के कन्नड हवी हे कर्नाटक सरकार ठरविते. सीमाभागातील ही बाब माहितीपत्रकात क्वचितच सापडावी!

किर्लोस्कर मात्र विक्रीत रमले नाहीत. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडवू लागले आणि १९१० मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवून राहिले.