कोड चालून बघा!

फर्स्ट इयरचं पहिलं प्रॅक्टिकल. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं आणि एक एरर. कुठेतरी सेमीकोलन राहिलाय. शेजारचा भराभर टाइप करतोय आणि आपल्या मनात एकच विचार, 'हे आपल्याला काही झेपणार नाही!' मग जर्नल कॉपी होतं, सबमिशनही होतं. कोडिंगशी मात्र कट्टी ती कट्टीच.

पण घोळ खरंच आपल्या डोक्यात असतो, की शिकवण्याच्या पद्धतीत? सिमोर पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं, पेनाने रेघ ओढणारं यांत्रिक कासव आलं. 'पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ' असं चारदा सांगितलं, की चौकोन तयार!

आता त्रिकोण काढू. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून आपण बिनधास्त ६० सांगतो. कासव मात्र भलतीकडेच जातं. का? उठा आणि स्वतः चालून बघा. कोपऱ्यावर आपण आतला नाही, बाहेरचा कोन वळतो. पूर्ण फेरीचे ३६० अंश भागिले तीन, म्हणजे १२०! चूक पायांना कळली, की डोक्याला कळायला वेळ लागत नाही.

हीच गंमत पुढे थ्रीडी जगात गेली. रँडी पॉश यांच्या टीमच्या 'अ‍ॅलिस'मध्ये कोड लिहून पात्रं हलवायची. ससा उलटा पळाला, तर लॉजिक गंडलंय हे समोर दिसतं. २०१६ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना तळहातावर मावणारा 'मायक्रोबिट' बोर्ड मोफत वाटला. त्यात २५ छोटे दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर. चार ओळी लिहा, बोर्ड हलवा आणि दिव्यांमध्ये फाशाचं दान बघा.

म्हणून सेमीकोलन सुटला असं नाही हं! सी आणि जावा लिहावंच लागणार. फरक इतकाच, की एरर म्हणजे आपली लायकी नव्हे, तर चुकलेलं वळण, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि वळण सुधारता येतं.

आज रात्रीच ट्राय करा. पायथॉनमध्ये 'टर्टल' नावाचं कासव आयतंच मिळतं. त्याला पंचकोन काढायला सांगा. अडलात, तर आधी खोलीत एक चक्कर मारा. रूममेट हसला, तर हसू दे!