अग्रणी आणि तिच्यावरचे पूल

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावलेली अग्रणी तासगाव, कवठे महांकाळ करत दक्षिणेला उतरते आणि अथणी भागातून जाऊन कृष्णेला मिळते. म्हणायला नदी, पण पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात तिचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे असायचे. अशा पात्रावर उंच पूल बांधणार कोण? गावोगावी फरशी घातली, म्हणजे पात्रातूनच जाणारा ठेंगणा पूल. एरवी त्यावरून उसाचे ट्रॅक्टर आणि शेळ्यामेंढ्या बिनघोर जातात. परतीचा पाऊस दणकून झाला, की फरशी पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरेपर्यंत वाहतूक बंद पडते.

रेल्वेला अशी वाट बघून चालत नाही. मिरज-पंढरपूर मार्ग नैऋत्येकडून ईशान्येला जातो, त्यामुळे वाटेत अग्रणी ओलांडावीच लागते. या मार्गावरच्या एका स्थानकाच्या नावातही ती आहे: अग्रण धुळगाव.

याच मार्गाने 1927 मध्ये मिरजेपर्यंत पोचलेली बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची करणी. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. कोणत्याही डब्याच्या किंवा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा दंडक. भार कमी म्हणून रूळ हलके चालले, आणि ओढ्यानाल्यांवरचे पूलही स्वस्तात उभे राहिले. गाडी मिरजेला पोचण्याच्या कितीतरी आधीच त्याने हीच बांधणी इंग्लंडमध्ये नेली होती. तिथे 1904 मध्ये सुरू झालेली त्याची छोटी गाडी मॅनिफोल्ड नदीच्या काठाने धावे. ती नदीही उन्हाळ्यात जमिनीखाली गडप होते! तो मार्ग 1934 मध्ये बंद पडला, पण रूळ उखडून तिथे पायवाट केल्यामुळे जुने पूल लोकांच्या वापरात राहिले.

आपल्याकडे पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची बार्शी लाईट 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. 2010च्या सुमारास मार्ग ब्रॉडगेज झाला. अवजड गाड्यांना जुने हलके पूल पुरणारे नव्हतेच.

आता म्हैसाळ योजनेतून उपसलेले कृष्णेचे पाणी अग्रणीत सोडले जाते, बंधारे भरतात, म्हणून उंच पुलांची मागणीही रास्तच आहे. मात्र जुनी फरशी किंवा मोरी पाडण्याआधी तिचे मोजमाप, छायाचित्र आणि बांधणीचे साल ग्रामपंचायतीने दप्तरी नोंदवून ठेवावे. त्याला वेगळा निधी लागत नाही.