जुने आणि नवे एफएम सिंथेसायझर : क्षमता नेमकी कशाची वाढली?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'ध्वनी'चा धडा शिकवताना वारंवारता आणि आयाम यांच्या व्याख्या आपण फळ्यावर लिहून देतो. मुलं त्या पाठही करतात. पण सतार आणि बासरी एकच सूर वाजवत असूनही वेगळ्या का ऐकू येतात, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. याचं उत्तर प्रत्यक्ष ऐकवायला एफएम सिंथेसायझर फार उपयोगी पडतो.

एफएम म्हणजे काय?

एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता सतत कमी-जास्त करायची, एवढंच. गायक सूर कंपित करतो तेव्हा तो सेकंदाला पाच-सहा वेळा हलतो आणि ते आपल्याला कळतं. हेच हलणं सेकंदाला शंभर-दोनशे वेळा झालं, तर कानाला हलणं जाणवत नाही. आवाजाचा पोतच बदलतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांना हे १९६७ साली लक्षात आलं.

समजा, मूळ लहर २०० हर्ट्झची आहे. तिला २०० हर्ट्झनेच हलवलं तर ४००, ६००, ८०० असे पटीतले स्वर मिळतात आणि आवाज सुरेल लागतो. २८० हर्ट्झने हलवलं तर ४८०, ७६० असे २०० च्या पटीत न बसणारे स्वर येतात आणि आवाज घंटेसारखा होतो.

जुनं वाद्य

यामाहाचा डीएक्स७ हा १९८३ चा. त्यात प्रत्येक सुरासाठी सहा लहरी, म्हणजे 'ऑपरेटर', आणि त्या एकमेकींना जोडायच्या ३२ ठरलेल्या पद्धती होत्या. एका वेळी १६ सूर वाजत. पट्टी जोरात दाबली की आवाज नुसता मोठा नाही, तर अधिक झळाळीदारही करता येई. अडचण एकच : पडदा दोन ओळींचा आणि आवाज घडवायला सपाट बटणं. एका वेळी एकच आकडा बदलता येई. म्हणून बहुतेक वादक कंपनीने दिलेलेच आवाज वाजवत.

नवी वाद्यं

यामाहाच्या २०१६ च्या मोंटाजमध्ये एफएमसाठी आठ ऑपरेटर, ८८ जोडण्या आणि एका वेळी १२८ सूर आहेत. कोर्गच्या ऑपसिक्समध्ये ऑपरेटर सहाच, पण प्रत्येकासाठी स्वतंत्र खुंटी आणि सरकपट्टी आहे. हात फिरवला की बदल लगेच ऐकू येतो. शिवाय जोडण्याही आपल्या आपण रचता येतात.

मग फरक कुठे पडला?

आकडे वाढले हे खरं, पण गणित १९६७ चंच आहे. डीएक्स७ चे जुने आवाज ऑपसिक्समध्ये आजही उतरवून घेता येतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने खरी वाढ झाली ती 'हाताला येण्यात'. कारण आणि परिणाम यांच्यातलं अंतर कमी झालं की मूल स्वतःच प्रयोग करू लागतं.

त्यामुळे पालकहो, महागडं वाद्य घ्यायची घाई करू नका. डीएक्स७ सारखंच काम करणारं 'डेक्स्ड' हे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळतं. त्यात दोनच ऑपरेटर चालू ठेवा. गुणोत्तर आधी १ : १ आणि मग १ : १.४ करा. 'काय बदललं?' एवढंच मुलांना विचारा आणि थोडं थांबा. व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.