जुन्या डिझेल जीपचे हेड गास्केट

इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ पट्टी म्हणजे हेड गास्केट. सिलिंडरातला दाब, ऑइल आणि पाणी यांना ती एकमेकांपासून वेगळे ठेवते. जुन्या डिझेल जीपमध्ये हवा सुमारे २० पट दाबली जाते. त्यात गगनबावडा घाटाचा चढ आणि गाळाने भरलेला रेडिएटर; इंजिन तापते, हेड वाकते, गास्केट उडते.

बाहेर थेंबही गळत नसताना पाणी कमी होणे ही पहिली खूण. थंड इंजिनाचे रेडिएटर झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येतात. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. तापलेले झाकण मात्र कधीही उघडू नये.

नुसते गास्केट बदलणे ही सर्वांत महागडी काटकसर. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी, तडे तपासावेत; वाकलेले हेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात घासून सपाट (फेसिंग) करून मिळते. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, त्यावर गास्केटची जाडी ठरते. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखापट्टाही त्याच वेळी तपासावा, कारण मूळ दुखणे बहुधा तिथेच असते.