तारिहाळवरून गेलेली सावली

१६ फेब्रुवारी १९८०, माघ अमावास्या. दुपारी पावणेचारच्या सुमारास हुबळीजवळच्या तारिहाळवर भर उन्हात अंधारून आलं. चंद्राची सावली कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर चढली आणि हुबळी, गदग, रायचूर करत ओडिशाकडे निघून गेली. तारिहाळला खग्रास स्थिती दोन-अडीच मिनिटं टिकली. विश्वाबद्दल नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न या एका ग्रहणाच्या आधाराने नीट उलगडता येतात.

एवढासा चंद्र सूर्याला झाकतो कसा? चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, सूर्याचा सुमारे १३ लाख ९० हजार, म्हणजे चारशे पट. पण सूर्य चंद्राहून जवळजवळ तितक्याच पटींनी लांब आहे. त्यामुळे दोघांची बिंबं आकाशात सारख्याच आकाराची दिसतात. हा निव्वळ योगायोग आहे, आणि कायमचाही नाही. चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने पृथ्वीपासून दूर चालला आहे.

मग दर अमावास्येला ग्रहण का लागत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. पृथ्वीवर पडली तरी तिचा गडद पट्टा अरुंद असतो. म्हणूनच त्या दिवशी तारिहाळला सूर्य पूर्ण झाकला गेला, तर बेळगावात त्याची कड उघडी राहिली.

काळ्या बिंबाभोवती दिसणारी ती मोतिया रंगाची प्रभा कसली? तो सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे करोना. तो रोजच तिथे असतो. पण त्याचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखांश, आणि निळ्या आकाशाच्या झगमगाटात तो हरवतो. १९८० साली सूर्यावरच्या डागांचं चक्र ऐन भरात होतं. अशा वेळी करोना चहूबाजूंनी गोल पसरतो.

सर्वांत अवघड प्रश्न या करोनाच्या तापमानाचा आहे. चुलीपासून दूर गेलं की धग कमी होते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस, पण त्याच्या वरचा करोना दहा लाख अंशांहून तप्त! हे कळलं कसं? १८६९च्या ग्रहणात करोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. पुढे सत्तरेक वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून उलगडा झाला: ती रेषा साध्या लोखंडाची होती. त्या लोखंडाच्या अणूतले २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निघून गेले होते. एवढे इलेक्ट्रॉन सुटायला लाखो अंशांचं तापमान लागतं. करोनाला तापवणारी ऊर्जा सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रातून वर जाते, हे आता मान्य आहे. तिथल्या लहरी आणि असंख्य छोटे स्फोट यांचा वाटा किती, यावर अजून संशोधन चालू आहे.

१९८० साली भारतीय खगोलभौतिकी संस्थेने करोनाच्या अभ्यासासाठीच रायचूर जिल्ह्यातल्या जवळगेऱ्यात तळ ठोकला होता. आज त्याच संस्थेने बांधलेला करोनादर्शक ‘आदित्य-एल१’ यानावर आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून तो सूर्यबिंब कृत्रिमरीत्या झाकून करोना पाहतो. शेजारीच पुण्याच्या आयुकाने घडवलेली अतिनील दुर्बीण सूर्याचे खालचे थर टिपते.

ग्रहणांची एक मालिका १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी पुढे सरकते. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण दुसऱ्याच प्रदेशात दिसतं. तीन फेऱ्यांनंतर, ५४ वर्षांनी, सावली पुन्हा आपल्या बाजूला येते. तारिहाळवरून गेलेल्या ग्रहणाच्या मालिकेतलं खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी कारगिल परिसरातून दिसेल. जमलं तर जरूर जा. सूर्याची कड दिसत असेपर्यंत प्रमाणित ग्रहणचष्मा डोळ्यांवर ठेवा, आणि बिंब पूर्ण झाकलं की तो काढून करोना डोळे भरून पाहा.